करंगळी आधी सुटते

"वृंदाताई, तुमी माझ्या संसाराला कात्री लावली," सर्जेराव दारातूनच म्हणाला.

मी मान वर केली. तो हसत नव्हता. एरवी हा माणूस जिना चढतानाच हसायला सुरुवात करायचा आणि खोलीत पोचेपर्यंत आपल्यालाही हसू फुटलेलं असायचं.

"आधी आत ये. काय झालं?"

"शालननं पिक्चर बघितलं."

"मग? आवडलं नाही?"

"मधनंच उठली. बाहीर थेट्राच्या पायरीवर जाऊन बसली. पोरगी रडाय लागली. आन् आता म्हणती, हैदराबादला गेलासा तर पोरीला घिऊन गडहिंग्लजला जाणार. परत नांदायला येणार न्हाई."

त्या वेळी मी कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर सिनेमांचं संकलन करायचे. खाली मोटारींचे सुटे भाग विकणारी दुकानं आणि वर मी, काळे पडदे लावून बसलेली. सर्जेराव खोत हा मारधाडीच्या सिनेमात नायकाचा डुप्लिकेट. उडी मारायची, काचेतून आरपार जायचं, जिन्यावरून गडगडत यायचं, ते सगळं सर्जेरावनं. मग नायक उठून उभा राहायचा आणि कपड्यांवरची धूळ झटकायचा. लहानपणी सर्जेराव दोरीचा मल्लखांब खेळायचा, त्यामुळे उंचीवर लटकायचं काम आलं की फाइट मास्टर दुसऱ्या कुणाचं नावच घेत नसत.

शालन म्हणजे त्याची बायको. तिनं जो सिनेमा बघितला तो मीच कापला होता. त्याच्या शेवटी बंद पडलेल्या एका सूतगिरणीत नायक छताखाली दोराला लटकतो. दोर लोखंडी तुळईच्या धारेवर घासत असतो, खाली गंजलेल्या यंत्रांचे सुळे वर तोंड करून उभे असतात. या प्रसंगात थेटरात कुणी पॉपकॉर्नच्या पुडीत हात घालत नाही, असं दिग्दर्शक मिहीर सगळ्यांना सांगत फिरायचा. मीही फिरले असते, पण संकलकाला विचारतो कोण?

खरं सांगायचं तर सर्जेरावचं ऐकून मला आधी वाईट वाटलं नाही. गुदगुल्या झाल्या. जो माणूस रोज धडधाकट घरी येतो, शेजारी बसून जेवतो, तो पडद्यावर आता मरणार, असं मी त्याच्या बायकोला वाटायला लावलं होतं. याहून मोठी शाबासकी मला आजवर कुणी दिली नव्हती.

"हसू नका ताई," सर्जेराव म्हणाला. म्हणजे मी हसत होते.

"बरं, नाही हसत. हैदराबादचं काय?"

"सोमवारी निघायचं हाय. मोठं पिक्चर. आख्ख्या पिक्चरमधी मीच. फाइट मास्तर म्हणालं, हे नीट झालं की तुझ्या हाताखाली पोरं देतो. आन् ही बाई दारात आडवी."

"ती नक्की कशाला घाबरली? दोराला?"

"बोलती कुठं? नुस्तं म्हणती, जायचं न्हाई. दोरच बघून भ्याली असणार, दुसरं काय? तुमी तिला दावा ना, सगळं कसं खोटं असतंय ते. माझं सांगणं तिला पटत न्हाई. तुमी शिकलेल्या हाय, तुमचं ऐकंल."

"उद्या दुपारी घेऊन ये तिला," मी म्हटलं. जादूगाराला कुणी जादू फोडून दाखव म्हटलं तर तो नाक मुरडेल. मला मात्र कधीपासून कुणाला तरी सांगायचंच होतं.

दुसऱ्या दिवशी दोघं आले. शालन चप्पल बाहेर काढून आत आली आणि खुर्चीच्या अगदी कडेला टेकली. सडसडीत बांध्याची, कमी बोलणारी बाई. घरी ब्लाऊज शिवायची. माझ्यासाठी डबाभर भडंग आणलं होतं, तो डबा तिनं टेबलावर ठेवला. सर्जेरावनं चहाचा कप डाव्या हातात धरला आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. आता तुमचा खेळ, असं त्याला म्हणायचं होतं.

"आधी पूर्ण प्रसंग बघायचा का एकदा?" मी विचारलं.

"नगं," शालन म्हणाली.

"ठीक आहे. मग तुकडे करूनच दाखवते. हा बघा दोर."

पडद्यावर दोराचा एक पेड ताणला गेला, तटकन तुटला. शालननं पदर मुठीत धरला.

"हा दोर सर्जेरावला बांधलेलाच नाही. हा माझ्या टेबलाएवढ्या टेबलावर ठेवलाय. आमचा एक असिस्टंट दाढीच्या ब्लेडनं एकेक पेड कापतोय, आणि कॅमेरा अगदी नाकाशी. खऱ्या दोराच्या पोटात पोलादी तार होती. त्याला हत्ती बांधला तरी चाललं असतं."

"बघ," सर्जेराव म्हणाला.

"आता हे सुळे. हे दिसतात यांच्या पायाखाली, पण आहेत गिरणीच्या दुसऱ्या टोकाला. पायाखाली खरं काय होतं ते बघा." मी चित्रीकरणाचा कच्चा तुकडा लावला. त्यात सर्जेराव लटकत होता, पाठीतून जाड काळी वायर वर गेली होती, आणि खाली गाद्यांचा ढीग, त्याच्याखाली पुठ्ठ्याची खोकी. एका गादीवर कुणीतरी पेपर वाचत पडलं होतं. "ती वायर आम्ही नंतर पुसली. पेपरवाल्याला उठवलं."

शालनच्या ओठांची कड हलली. मला चेव आला.

"आता वेळ. हे प्रत्यक्षात लटकले थोडासाच वेळ. पण मी काय केलं, की जरा यांना दाखवलं, मग जिन्यावरून पळत येणारी हिरॉइन, मग दोर, मग व्हिलनचा बूट, मग पुन्हा हे. दर वेळी मी परत यांच्याकडे येते तेव्हा दोर बारीक झालेला, आणि हे होते तिथंच. माणसाला वाटतं किती वेळ झाला! वेळ झालेलाच नसतो, मी नुसती त्याला दारात उभं करून ठेवते. संगीतही काढून टाकलं. संगीत असलं की माणसाला धीर येतो, कुणीतरी सोबत आहे असं वाटतं. नुसता दोराचा आवाज ठेवला. तो आवाज कशाचा आहे, सांगा बघू?"

मी आवाज सोडला. कर्रर्र. कर्रर्र. खोलीत जुना दोर ताणला जायला लागला.

शालननं नवऱ्याकडे बघितलं. सर्जेरावनं पायातली चप्पल उचलून तिच्यासमोर धरली आणि दोन्ही हातांनी पिळायला गेला, मग एका हातानंच गुडघ्यावर दाबून वाकवली. नवी कोरी कोल्हापुरी चप्पल करकरली.

"ह्यांची चप्पल?" शालन म्हणाली. "म्हंजी ह्यांच्याच चपलीनं मला भ्या दावलं व्हय?"

"रेकॉर्डिंगच्या दिवशी काढून घेतली माझ्या पायातली," सर्जेराव म्हणाला. "अनवाणी गेलो घरला. आठवतंय का, म्हणालो हुतो देवळातनं चोरीला गेली म्हणून."

शालन खरंच हसली. तोंडावर पदर घेऊन, खांदे हलेपर्यंत हसली. सर्जेरावचा चेहरा उजळला. मी डब्यातलं भडंग तोंडात टाकलं. काम फत्ते झालं, असं मला वाटलं. मनातल्या मनात हैदराबादची गाडी सुटली, सर्जेराव तिच्यात बसला, आणि हे सगळं मी केलं.

"लई डोकं लागतंय तुमच्या कामाला," शालन म्हणाली.

"लागतं थोडं."

"आन् त्यो हात?"

"कोणता हात?"

"दोरावरनं सुटतो त्यो. तेवढा दावला न्हाई तुमी."

मी तो शॉट ओलांडून पुढे गेले होते. तिच्या लक्षात येईल असं मला वाटलं नव्हतं.

त्या शॉटचं सांगायला हवं. प्रसंगाच्या शेवटी नायकाचा हात दोरावरून सुटतो, अगदी जवळून दिसतो, एकेक बोट उघडत जातं. सर्जेरावनं ते पुष्कळदा, पाठीची वायर न लावता, गादीवर पडून करून दिलं होतं. पण तो पडला मल्लखांबाचा माणूस, दोर सोडणं त्याच्या अंगातच नव्हतं. दर वेळी हात सोडल्याचं नाटक दिसायचं. मिहीर वैतागला होता. शेवटी मी बाद झालेले शॉट उपसले. एकात सर्जेराव मिहीरनं सांगण्याच्या आधीच पडला होता, म्हणून तो शॉट फुकट गेला होता. त्यातला हात मी बघितला आणि ताबडतोब मिहीरला फोन लावला. म्हटलं, मिळालं, पोरा, सोनं मिळालं! सगळा प्रसंग मी त्या हाताभोवती उभा केला. दोर, सुळे, चप्पल, ही सगळी आरास होती. देव तो हात होता.

त्या शॉटचा पुढचा भागही मी बघितला होता. संकलकाला सगळंच बघावं लागतं, कट म्हटल्यानंतरचंसुद्धा, कारण कॅमेरा कधी कधी तसाच चालू राहतो. गादीवर पडल्यावर सर्जेराव म्हणाला होता, "सॉरी सर, घाम आला." मिहीरनं शिवी हासडली, माणसं पांगली. मग कुणी बघत नाही असं पाहून सर्जेरावनं डाव्या हातानं स्वतःचा उजवा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. दुसऱ्याची वस्तू उचलून ठेवावी तसा. थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसला. दुसऱ्या दोन शॉटच्या शेपटात, म्हणजे कटनंतरच्या तुकड्यातही, तेच होतं. मला ते उपयोगाचं नव्हतं. मी शेपटं छाटली आणि पुढच्या कामाला लागले.

"दोराला मी भ्याले न्हाई ताई," शालन म्हणाली. "दोर खोटा असतोय, हे ह्यांनी लगीन झाल्यापासनं सांगितलंय. पडले तर खाली गादी असती, ते बी ठावं हाय. मी हाताला भ्याले. करंगळी आधी सुटती बगा. मग तिच्या शेजारची. मग समदा हात. घरात पाण्याचा तांब्या असाच सुटतोय ह्यांच्या हातनं. म्हणत्यात, वल्ला हुता. मला वाटायचं असंल. पण पिक्चरमधी एवढा मोठ्ठा हात बघितला आन्... त्यो बी खोटा असंल तर सांगा. मग मी काय म्हणणार न्हाई. खुशाल जाऊ दे हैदराबादला. मी स्वता पिशवी भरून देते."

"अगं, त्यो माझा हातच न्हाई!" सर्जेराव पटकन म्हणाला. "जवळनं घ्यायचं असलं की दुसऱ्याचा घेत्यात. व्हय का न्हाई ताई?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यानं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. उलट सिनेमा लागला की मला कोकणातून फणसाची पोळी आणून द्यायचा, ताई तुमी मला हिरोपेक्षा भारी दावता म्हणायचा. आत्ता त्याला फक्त एक 'हो' हवं होतं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. पोटाचा प्रश्न होता, नावाचा प्रश्न होता, आणि त्याचा तो, माझा नव्हे.

मी तोंड उघडलं. एसी घरघरत होता. पडद्यावर गादीवरचा पेपरवाला तसाच थिजलेला होता.

प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये किती जागा सोडली की उत्तराची गरजच उरत नाही, हे मला कुणी शिकवायला नको होतं. मी त्याचेच पैसे घ्यायचे. नायिका विचारते, तू मला फसवलंस का? इथं लगेच कापलं तर तो निर्दोष ठरतो. त्याच्या चेहऱ्यावर जरा रेंगाळलं की संशय. आणखी रेंगाळलं की थेटरातल्या शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांची खात्री पटते. हे सगळं मला ठाऊक होतं, आणि मी रेंगाळत होते. मला तो मांडीवर उचलून ठेवलेला हात दिसत होता, आणि माझी जीभ उचलत नव्हती.

शालन नवऱ्याकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

"दुसऱ्याचाच आहे," मी म्हटलं. आवाज अगदी ठीक होता. थोडं हसलेसुद्धा.

"बरं," शालन म्हणाली.

तिनं खुर्ची सर्जेरावजवळ ओढली, त्याचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला आणि करंगळी हळूहळू चोळायला लागली. सर्जेरावनं हात सोडवून घेतला नाही. त्याला तो सोडवून घेता आला असता की नाही, मला माहीत नाही. मोठा माणूस, पण खाली मान घालून बसला होता.

"कवापासनं?" तिनं विचारलं.

"झालं की आता वरीस," तो म्हणाला. "खांद्यात काय तरी हाय. जातंय, येतंय."

"मला का सांगितलं न्हाई?"

"तू जाऊ दिलं नसतंस."

"न्हाईच दिलं असतं."

मी पडद्याकडे बघत राहिले. आपल्याच खोलीत आपल्याला जागा नसावी, असं झालं होतं. कुणीतरी काहीतरी बोलावं म्हणून मी म्हटलं, "एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखवू. माझ्या ओळखीचे आहेत."

शालननं मान वर केली. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"तुमी तर समदं बघत हुतासा ताई," ती म्हणाली. "आमी काय, वर्सातनं एकदा थेट्रात. तुमच्या म्होरं रोज चालायचं. कुणाला तरी सांगायचं हुतं की. मला न्हाई तर निदान ह्यांच्या मास्तरला."

मी काय सांगणार होते? की मला दिसलं होतं, आणि मी त्यातला कामाचा भाग ठेवून घेतला? मी भडंगाच्या डब्याला झाकण लावलं.

ती उठली. डबा माझ्याकडेच राहू दे म्हणाली, परत न्यायला कुणीतरी येईल. जाताना सर्जेराव दारात थांबला. शालन जिना उतरायला लागली होती.

"ताई," तो हळूच म्हणाला, "एवढं तीन-तीन तासांचं कापता तुमी. मघा बोलताना ती मधली एक जागा कापायला पायजे हुती."

त्याची चप्पल करकरत जिन्यावरून खाली गेली. तो आवाज मी इतक्यांदा ऐकला होता की दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत मला तो दोराचाच वाटत होता.

सोमवारी सर्जेराव गेला नाही. फाइट मास्टरांना शालननंच फोन करून हाताचं सांगितलं. एकदा ते कळलं म्हटल्यावर कुणीच त्याला बोलावलं नाही, आणि त्यांची तरी काय चूक? डॉक्टरांनी सांगितलं की खांद्यातली नस दबली आहे, वेळेत आलात, आणखी एखादी पडझड झाली असती तर हात कायमचा गेला असता. ही गोष्ट मी स्वतःला पुष्कळदा सांगून बघितली आहे. वेळेत आला. हात वाचला. तरी मला बरं वाटत नाही, कारण त्याला वाचवायला मी थांबले होते की फक्त मला खोटं बोलायला उशीर झाला, हे माझं मलाच उलगडलेलं नाही. आणि वाचवायचंच होतं, तर ज्या दिवशी मी फोन उचलून सोनं मिळालं म्हणून ओरडले, त्याच दिवशी दुसरा फोन करता आला असता.

पुढे तो मेहुण्याच्या टायरच्या दुकानात काउंटरवर बसायला लागला. काही वर्षांनी मी डबा परत करायला म्हणून गेले. तो जाड झाला होता, पोट सुटलं होतं. मला बघून उठला, खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. पोरगी दहावीला आहे म्हणाला. दोराची गोष्ट निघाली नाही. निघताना म्हणाला, "येत जावा मॅडम."

मॅडम. ताई नाही. मी रिक्षात बसेपर्यंत हसत होते आणि मग रडले.

आता मी पुण्यात असते. सिनेमा शिकणाऱ्या मुलांपुढे अधूनमधून बोलायला बोलावतात. विषय ठरलेला, प्रेक्षकाचा श्वास कसा रोखून धरायचा. मी तोच सूतगिरणीचा प्रसंग दाखवते, कारण याहून चांगलं मी नंतर काही कापलं नाही. ब्लेडची गंमत सांगते, पेपरवाल्याची सांगते, चपलीची सांगते. मुलं खूश होतात. प्रसंग संपला की दर वर्षी कुणीतरी हात वर करतं आणि विचारतंच, मॅडम, तो दोरावरून सुटणारा हात फार खरा वाटतो, तो कुणाचा?

"दुसऱ्याचा," मी सांगते. आता मी मध्ये जराही थांबत नाही.